गुणसूत्रातला 'गुण' कोणता?

परभणीहून विचारणा आली आहे: 'ज्वारीच्या जनुकांचा नकाशा' म्हणावं की 'गुणसूत्रांचा'? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत! परवाच एका शेतकरी मेळाव्यात माइकवरून ऐकलं, "या वाणात दुष्काळ सोसणारं गुणसूत्र घातलंय." घातलं असेल तर जनुक. ज्वारीच्या पेशीत गुणसूत्रं वीस, म्हणजे दहा जोड्या. जनुकं तीसेक हजार. सातव्या गुणसूत्रावर डीडब्ल्यू-३ नावाचं जनुक आहे, ते बिघडलं की ताट ठेंगणं राहतं. गुणसूत्र हा अख्खा दोर, जनुक त्यावरचा इवलासा तुकडा.

आणि दोर म्हणालो ते उगाच नाही. संस्कृतात 'गुण' म्हणजे मुळात दोरा, दोरीचा पेड. अमरकोशात धनुष्याच्या दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी आणि गुण अशी नावं आहेत. द्विगुण म्हणजे दोन पेडी, त्रिगुण म्हणजे तीन पेडी. आपला गुणाकारही त्याच पेडांतून आला. आमचे आजोबा अंबाडीचं चऱ्हाट वळायचे. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, तळहातावर पेडांना पीळ चढतोय. गुणसूत्र ज्याचं बनतं त्या डीएनएच्या दुपेडी पिळाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तेच हात दिसले. कोशांत 'गुण वाहणारे सूत्र' एवढीच फोड देऊन मोकळे होतात. मला ती अपुरी वाटते. हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात दोरीचा अर्थ नक्की घुमत असणार.

काहीजण गुणसूत्राऐवजी 'रंगसूत्र'च शुद्ध म्हणून अडून बसतात. गुजरातीत तो रुळलाही आहे. १८८८ साली जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी ग्रीकमधले 'रंग' आणि 'शरीर' जोडून क्रोमोसोम शब्द केला, कारण रंग दिल्यावर ते सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतं. पण तो रंग बाटलीतला, सूत्राचा नव्हे. आपला शब्द मुळापेक्षा सरस आहे, तो का टाकायचा?

हां, नकाशा. एकाच दोरावर जवळ असलेली दोन जनुकं संकरानंतर पुढच्या पिढीत सहसा एकत्रच उतरतात, लांबची अधिक वेळा फुटतात. किती वेळा फुटली त्यावरून अंतर काढतात आणि दहा दोरांवर खुणा मांडतात. म्हणजे नकाशा जनुकांचा, गुणसूत्रांवर मांडलेला. तसंच लिहा.