पहिली जुनी मस्टँग घेताय?
मिशिगनमध्ये राहून साठच्या दशकातली फोर्डची मस्टँग गाडी घ्यायची म्हणताय, जरूर घ्या! फक्त रंगाला भुलू नका. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी खालून सडते. खिशात लोहचुंबक ठेवा. दाराखालच्या पट्टीला ते चिकटलं नाही, तर आत पुट्टी भरलीय समजा. गालिचा उचलून तळाचा पत्राही बघा. इंजिनाचे भाग आजही मिळतात, सडका पत्रा मात्र खिसा रिकामा करतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- अर्धवट सुटी केलेली गाडी स्वस्तात उचलतात. चालतीच घ्या.
- जुने ड्रम ब्रेक आजच्या ब्रेकइतके पटकन थांबवत नाहीत हे विसरून पुढच्या गाडीला चिकटून चालवतात.

कार्ब्युरेटरचं (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नंतर बघू. आधी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला या. १९९५पासूनची परंपरा आहे. मालक बॉनेट उघडून उभे असतात. विचारा, भरभरून सांगतात. न विचारता गाडीला हात मात्र लावू नका.