माउंट अबूच्या ‘नक्की लेक’ तलावावर बोटिंगला पहिल्यांदा जाताय? मग एवढं ऐका

भावा, सोलापुरातून अबूला चाललायस, लई भारी. अबू रोड स्टेशनवरून वर २८ किमी घाट आहे, पोचल्यापोचल्या बोटीत बसू नको, मुक्काम कर आणि सकाळी जा, गर्दी कमी आणि पाणी शांत.

- लाईफ जॅकेटचे बंद ओढून बघ. माझ्या पहिल्या वेळी बक्कलच तुटकं होतं, मी नुसतं गळ्यात अडकवून गेलो, येडेपणा.
- पेडल बोट घेतलीस तर आधी वाऱ्याच्या समोर मार. नवीन माणूस वाऱ्यासोबत मजेत लांब जातो आणि परत येताना मांड्या भरून येतात, वर अर्ध्या तासाचा टाईम संपलेला. गुडघे दुखत असतील तर सरळ शिकारा घे, म्हणजे नावाडी वल्हवतो ती छपराची नाव.
- टोड रॉक, बेडूक आत्ता पाण्यात उडी मारतोय असा खडक, तो दिसला की सगळे फोटोला उभे राहतात. बसूनच काढ. आणि एकाच बाजूला झुकू नका.

टोपी घे. सोलापूरच्या उन्हाला आपण भीत नाही, पण तिथं १२०० मीटरवर हवा गार, चटका कळत नाही, संध्याकाळी नाक सोललेलं असतं.

टोड रॉकवर चढायचं ते दुसऱ्या दिवशी बघू, आधी बोट जमू दे. आणि पिशवीत शेंगाचटणी टाक.