माँटाज एजंटाकडून करून घेताना

प्रश्न : शंभरएक क्लिपमधून दोन मिनिटांचा माँटाज करण्यासाठी मी एआय एजंटला (स्वतः आज्ञा चालवणाऱ्या मॉडेलला) एफएफएमपेग हा व्हिडिओ कापण्या-जोडण्याचा प्रोग्राम चालवण्याची पूर्ण मोकळीक दिली आहे. कधी काम झकास होते, तर कधी तो सात सेकंदांची क्लिप नवव्या सेकंदापासून कापायला जातो. एखादी दुरुस्ती सुचवली की सगळाच व्हिडिओ बदलून टाकतो. मॉडेल बदलावे का?

उत्तर : मॉडेल बदलण्याआधी त्याच्या हाती दिलेली साधने, म्हणजे तो वापरू शकतो ते छोटे प्रोग्राम, बदलून पाहावीत. आपल्या रचनेत एजंटाला व्हिडिओ दिसतच नाही. साधने जेवढे सांगतील तेवढेच त्याला कळते, आणि क्लिपची लांबी कोणी सांगितली नसेल तर तो ती अंदाजाने ठरवतो. म्हणून पहिले साधन एफएफप्रोबचे, म्हणजे एफएफएमपेगसोबतच्या फाइलची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रामचे असावे. प्रत्येक फाइलची लांबी, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), आकार आणि फोन उभा धरला होता की आडवा याची नोंद त्यातून जेसन या प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मजकूर स्वरूपात मिळते. दुसऱ्या साधनाने पायसीनडिटेक्टसारख्या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संग्रहाच्या) मदतीने शॉट वेगळे करावेत आणि प्रत्येक शॉटच्या आरंभाची, मध्याची व अखेरची अशा तीन फ्रेम मॉडेलला दाखवाव्यात. एकाच फ्रेमवरून निवड करायला लावले, तर हालचाल कळत नाही आणि नुसते नीटनेटके, निर्जीव शॉट निवडले जातात. क्लिपमध्ये बोलणे असेल, तर व्हिस्पर या बोलणे लिहून काढणाऱ्या मॉडेलकडून वेळेसह लिहून घेतलेला मजकूरही सोबत द्यावा.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एजंटाने एफएफएमपेगची आज्ञा लिहूच नये. त्याने फक्त कटांची यादी लिहावी. फाइल कोणती, कुठून कुठपर्यंत आणि हा शॉट का घेतला, एवढे प्रत्येक ओळीत असले की पुरे. चित्रपट संकलनात अशा यादीला ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट) म्हणतात आणि ती एआयच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. पिक्सारमध्ये सुरू झालेले ओपनटाइमलाइनआयओ हे स्वरूप वापरल्यास तीच यादी डाविंची रिझॉल्व्हसारख्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून हाताने फेरफारही करता येतात. यादी स्वीकारणाऱ्या साधनाने ती तपासावी आणि चूक आढळल्यास नुसते ‘अवैध’ असे न म्हणता ‘क्लिप ७.२ सेकंदांची आहे, आपण ९ मागितले’ असे उत्तर द्यावे, कारण एवढा तपशील मिळाला की बहुतेक वेळा एजंट पुढच्याच फेरीत स्वतः दुरुस्ती करतो. रेंडर, म्हणजे यादीवरून अंतिम व्हिडिओ तयार करणे, मात्र साध्या प्रोग्रामने, मॉडेलला मध्ये न घेता करावे. मग ‘चौथा शॉट लहान करा’ म्हटल्यावर एकच ओळ बदलायची असते. एजंटाने इतर ओळींना हात लावला, तर जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवताच ते उघड होते. मूळ फाइली फक्त वाचण्यापुरत्या खुल्या ठेवाव्यात, हे सांगायला नकोच.

ही साधने एजंटाशी जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल सोयीचा आहे. मात्र अडाणी साधन त्यातून जोडले म्हणून शहाणे होत नाही.

प्रश्न : कट संगीताच्या बीटवर पडावेत असे सांगितले होते. सुरुवातीला ते बरोबर पडतात, पण पुढे मागेपुढे होत जातात. असे का होते?

उत्तर : हा बहुधा पूर्णांकाचा घोटाळा आहे. मिनिटाला १२० बीट असतील तर दर अर्ध्या सेकंदाला एक बीट येते आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत अर्धा सेकंद म्हणजे १२.५ फ्रेम. अर्धी फ्रेम कापता येत नाही. प्रत्येक शॉट १२ फ्रेमचा धरून पुढे जोडत गेल्यास ४० कटांनंतर २० फ्रेमची, म्हणजे ०.८ सेकंदाची चूक साचते, आणि ती कोणाच्याही कानाला खटकेल. प्रत्येक कटाची जागा आधीच्या कटापासून न मोजता गाण्याच्या आरंभापासून मोजावी आणि त्यानंतरच जवळच्या फ्रेमवर आणावी. मग चूक कधीच अर्ध्या फ्रेमपलीकडे जात नाही. बीटच्या वेळा लिब्रोसासारख्या ध्वनी-विश्लेषणाच्या लायब्ररीकडून काढून घ्याव्यात. भाषा मॉडेलला त्या कल्पनेने लिहायला लावू नयेत.

शॉट एकमेकांत विरघळवत असाल, तर आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. चार-चार सेकंदांच्या तीन क्लिप एका सेकंदाच्या डिझॉल्व्हने जोडल्या की १२ नव्हे, १० सेकंद होतात. ही वजाबाकीही प्रोग्रामकडेच सोपवावी.

प्रश्न : जोडलेल्या व्हिडिओत मध्येच आवाज जातो किंवा चित्र अडकते.

उत्तर : क्लिप एकसारख्या नसताना त्या री-एन्कोड न करता (नव्याने एकाच स्वरूपात न बदलता) जोडल्या जात असाव्यात. फोनवरच्या चित्रीकरणात फ्रेम रेट बदलता असू शकतो आणि काही क्लिपना आवाजाचा ट्रॅकच नसतो. जोडणीपूर्वी सर्व क्लिप एकाच आकाराच्या, एकाच स्थिर फ्रेम रेटच्या आणि ४८,००० हर्ट्झ आवाजाच्या करून घ्याव्यात. जिथे आवाज नाही तिथे शांततेचा ट्रॅक घालावा.