एस्पोझितो हे इटालियन आडनाव कुठून आलं, आणि ते कुठे जास्त आढळतं?

हे मुळात टाकून दिलेल्या बाळांना मिळालेलं आडनाव. लॅटिन 'एक्सपोझितुस' म्हणजे 'बाहेर ठेवलेला'. नेपल्सच्या अनुंझियाता अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं. आईनं रस्त्यावरून बाळ त्यात ठेवायचं, चाक फिरलं की बाळ आत. तिचा चेहरा कुणाला दिसत नसे. १८७५ मध्ये ते चाक बंद झालं.

म्हणूनच एस्पोझितो आजही सगळ्यात जास्त सापडतात ते नेपल्स आणि आसपासच्या कांपानिया प्रांतात. स्थलांतरितांबरोबर हे आडनाव अर्जेंटिना, अमेरिकेतही गेलं. फ्लॉरेन्समध्ये अशा मुलांना 'इनोचेंती' म्हणजे निष्पाप हे नाव मिळे. मला तरी तेच जास्त माणुसकीचं वाटतं.

आणि हो, उच्चारताना जोर 'पो'वर द्या, 'झि'वर नाही.