गिटार घेताना आधी हाताला विचार

अगं पोरी,

परवा मैत्रिणीला घ्यायला क्लासवर आलीस तेव्हा जिन्यात विचारलंस ना, "ताई, आधी अ‍ॅकॉस्टिकच म्हणजे बिनविजेचीच गिटार घ्यावी लागते का?" मी घाईत बघू म्हणून निघाले, पण तुझा गोंधळलेला चेहरा डोक्यातनं जाईना. हॉस्टेलवरची पोरं म्हणतायत मोठी घे, जाड तारांची घे, बोटं फुटू देत, मगच खरं येतं. साफ खोटं आहे हे. हाताला बसेल ती गिटार घ्यायची, बाकी सगळं नंतर.

तुला मेटल आवडतं ना? मग ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयॉमी, त्याचं ऐक. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या, पुढे ट्यूनिंग खाली आणून तारा आणखी सैल केल्या. ज्या जड आवाजावर तुम्ही सगळे जीव टाकता तो असा हाताची सोय बघत बघत आलाय. आणि तुला सांगतात बोटं फुटू देत!

तर सरळ इलेक्ट्रिक घे. आधी अ‍ॅकॉस्टिक असा काही नियम नाही. इलेक्ट्रिकवर नऊच्या सेटच्या, म्हणजे पातळ, तारा असतात, अ‍ॅकॉस्टिकवर जाड तारांचा बाराचा सेट असेल तर सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास जातो, नवख्या बोटांनी तो का सोसायचा? हेडफोन लागणारा छोटा अ‍ॅम्प घेतलास की हॉस्टेलवर भांडणंही नाहीत.

अ‍ॅकॉस्टिकच हवी असेल तर छोट्या बॉडीची बघ. दुकानात पुढे करतात ती ड्रेडनॉट, मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये युद्धनौकेचं नाव देऊन आणलेला आकार, मोठ्या आवाजासाठी केलेला. तू बारीक चणीची, उजवा खांदा कानापर्यंत जाईल. नायलॉनच्या तारांची बोटाला मऊ लागते पण गिटारची मान रुंद असते, नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, ५२ मिलिमीटर, तेही धरून बघ. आणि नायलॉनच्या गिटारला कुणी स्टीलच्या तारा लावून देतो म्हणाला तर नको म्हण, ताणाने ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेली पट्टी, उचकटतो.

लक्ष्मी रोडवर साध्या चपला घेताना दहा पावलं चालून बघतेस, मग इथे ऑनलाइन फोटोवर कशी काय भुलतेस? दुकानात जा, पंधरा मिनिटं मांडीवर घेऊन बस. मोजपट्टी ने. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ते फ्रेट, त्यातल्या बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटरच्या फार वर नको. मग पहिल्या फ्रेटवर एकेक तार दाबून बघ, तिथे जास्त जोर लागत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. दोन्ही दुरुस्त होतं, सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट, करून दे म्हण, लाजायचं नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा परत वर येतात, तेव्हा परत करून घ्यायचं.

बोटांची टोकं पहिले काही आठवडे हुळहुळतील, ते ठीक. मनगट, अंगठ्याचं मूळ, खांदा दुखला तर थांब.

मी एवढं तावातावाने का सांगते? बाबांनी हौसेने आणलेल्या माझ्या पहिल्या गिटारच्या तारा इतक्या वर होत्या की एफ कॉर्ड कधी नीट वाजलाच नाही, आणि तेव्हाचे सर म्हणायचे, मुलींच्या हातात जोर नसतो. मी मान खाली घालून ऐकायचे. पुढे एका कारागिराने सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून दिली आणि त्याच दिवशी एफ वाजला. मधली वर्षं कोण परत देणार? आता काही पालक म्हणतात ताई पोरांना लाडावतात, पातळ तारा लावून देतात. देते. माझ्याकडे टिकतात पोरं. वाजवण्यात कष्ट कमी आहेत का, की तारेशीही झगडायचं?

सेकंडहँड देणाऱ्या मित्राला इतक्यात पैसे देऊ नकोस. ती गिटार पण मांडीवर घेऊनच बघ, स्वस्त आहे म्हणून हाताला बसणार नाहीये ती.

आणि रविवारी दुकानात जाशील तेव्हा डाव्या हाताची नखं कापून जा, नाहीतर काहीच कळणार नाही.

तुझी ताई