चेंबर ऑफ कॉमर्सची मेंबरशिप घेऊन छोट्या धंद्याला खरंच काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की चार-पाच माणसांचं युनिट आहे, चेंबर ऑफ कॉमर्सवाले, म्हणजे तुमच्या भागातल्या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेची माणसं, मेंबरशिपचा फॉर्म देऊन गेलेत आणि सत्कार, भाषणं, फोटो सोडून हे लोक नक्की करतात काय ते काही कळत नाहीये. शंका अगदी रास्त आहे. मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते त्यामुळे चेंबरच्या ऑफिसात सतत जाणं-येणं असतं, शिवाय तिथल्या एका कमिटीवरही आहे, तर जे जवळून दिसतं तेच सांगते.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढून टाका की चेंबर तुम्हाला ऑर्डर आणून देईल. मेंबर होताना बऱ्याच जणांची तीच अपेक्षा असते आणि मग वर्षभरात "काही फायदा नाही हो" म्हणत ते रिन्यू करत नाहीत. ओळखी होतात, कार्ड दिली-घेतली जातात, त्यातून कधी काम निघतंही, पण ते तुमच्या बोलण्यावर आणि मालावर आहे. चेंबरचं खरं काम मला दोनच ठिकाणी दिसतं. एक, जिथे एकट्या धंदेवाल्याच्या शब्दाला वजन नसतं तिथे सगळ्यांच्या वतीने बोलणं. आणि दुसरं, जिथे तुमच्या म्हणण्याला तिसऱ्या कुणाची तरी साक्ष लागते तिथे ती साक्ष देणं.

दुसऱ्यापासून सुरुवात करते कारण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही आणि माझं निम्मं आयुष्य त्यातच जातंय. समजा तुम्ही परदेशात माल पाठवताय. तिकडचा ग्राहक, त्याची बँक किंवा तिकडचं कस्टम्स विचारतं की हा माल खरंच तुमच्या देशात बनलाय कशावरून? तुम्ही स्वतःच्या लेटरहेडवर कितीही लिहून द्या, ते म्हणणार तुम्ही तर विकणारे, तुम्ही असंच म्हणणार. मग सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं, म्हणजे माल कुठल्या देशाचा आहे त्याचा दाखला, आणि जगभर हा दाखला द्यायचं काम मुख्यतः चेंबर्स करतात. १९२३ साली जिनिव्हात कस्टम्सच्या कटकटी कमी करायला एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांनी असे दाखले द्यावेत अशी सोय आहे, तेव्हापासून ही पद्धत चालत आलीय. (सवलतीच्या ड्युटीसाठी जे दाखले लागतात त्यांचे नियम देशादेशांतल्या करारांवर असतात आणि ते कोण देणार हे देशागणिक बदलतं, ते वेगळं प्रकरण आहे.)

काउंटरवर काय होतं ते बघा. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि माल कुठे बनला त्याचं डिक्लेरेशन घेऊन अर्ज जातो, तिथला माणूस वजन, नग, मालाचं वर्णन, खोक्यांवरच्या खुणा (मार्क्स) एकमेकांशी ताडून बघतो, त्यांच्याकडे तुमच्या कंपनीच्या सह्यांचे नमुने आधीच असतात त्यावरून सही तपासतो आणि मग शिक्का मारतो. वरवर पाहिलं तर फक्त शिक्का. पण पेमेंट लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे ठरलेले कागद बरोबर मिळाले की पैसे देऊ अशी ग्राहकाच्या बँकेची हमी) असेल तर हाच कागद पैसे अडकवतो किंवा सोडवतो. बँक माल बघत नाही, ती फक्त कागद बघते. एलसीचे जे जागतिक नियम आहेत, यूसीपी ६००, ते म्हणतात की एका कागदावरची माहिती दुसऱ्या कागदाशी विसंगत असता कामा नये, आणि तपासायला बँकेकडे जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. आता इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन एक आणि दाखल्यावर भलतंच असेल तर डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांत तफावत निघाली, माल बंदरात पडून आणि पैसे लटकलेले. चेंबरमधला अनुभवी क्लार्क हे शिक्का मारायच्या आधीच पकडतो, "मॅडम, इथे नग जुळत नाहीयेत" एवढंच म्हणतो आणि कागद परत करतो. त्या एका वाक्याची किंमत काय असते हे ज्याचं पेमेंट कधी अडकलंय त्यालाच विचारा.

आणि हे नियम सरकारांनी केलेले नाहीत बरं का, तेही चेंबर्सच्याच जगातून आलेत. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स, आयसीसी, ही १९१९ साली सुरू झालेली संस्था, मुख्यालय पॅरिसला, यूसीपी तिचंच. एफओबी, सीआयएफ हे सौद्याच्या अटींचे शब्द आपण धंद्यात सर्रास वापरतो, तर भाडं कुणाचं, विमा कुणाचा, जोखीम नक्की कुठल्या क्षणी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते, हे ठरवणारे इन्कोटर्म्ससुद्धा आयसीसीने १९३६ मध्ये पहिल्यांदा काढले आणि सध्या २०२० ची आवृत्ती चालते.

अजून एक कागद आहे जो छोट्या धंद्यांना माहीतच नसतो, एटीए कार्नेट. परदेशात प्रदर्शनाला सॅम्पल न्यायचेत, किंवा फोटोग्राफरला कॅमेरे-लाइट्स न्यायचेत, माल विकायचा नाही, परत आणायचाय. एरवी तिकडे उतरल्यावर ड्युटी किंवा डिपॉझिट भरा, मग परत निघताना रिफंडसाठी भांडा, असा प्रकार होतो. कार्नेट असेल तर तसं काही भरावं लागत नाही, कारण या पद्धतीतल्या प्रत्येक देशात एक हमी देणारी संस्था असते, बहुतेक ठिकाणी ती चेंबरच असते, आणि ती म्हणते की माल मुदतीत परत आला नाही तर ड्युटी आम्ही भरू. साधारण एक वर्षापर्यंत चालतं. अर्थात चेंबर आधी तुमच्याकडून तारण घेतं आणि माल परत आणला नाहीत तर वसुली तुमच्याकडूनच होते, त्यात काही सूट नाही. पण विचार करा, दूरच्या देशातल्या कस्टम्स अधिकाऱ्याला तुमचं नाव कधी ऐकूनही माहीत नाही आणि तो तुमचं सामान आत सोडतोय, कारण तुमच्या मागे तुमचं चेंबर उभं आहे.

आता पहिल्या कामाकडे येते, सगळ्यांच्या वतीने बोलणं. मुळात चेंबर जन्मालाच यासाठी आलंय. या नावाची जगातली पहिली संस्था फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १५९९ साली निघाली, समुद्रावरच्या चाच्यांनी पूर्वेकडच्या व्यापाराला हैराण केलं होतं, एकेका व्यापाऱ्याने राजाकडे रडून काही होत नव्हतं, मग व्यापाराच्या रक्षणासाठी एकत्र आले. ग्लासगोचं चेंबर १७८३ चं, अमेरिका ब्रिटनच्या हातून गेली आणि तंबाखूच्या व्यापारावर उभं असलेलं ते शहर गडबडलं, तेव्हा पॅट्रिक कहून या तिथल्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. म्हणजे दोन्हीकडे धंद्यावर संकट आलं तेव्हा लोकांना एकत्र यायचं सुचलं.

आज आपल्या दारात चाचे नाहीत पण एखादा रस्ता अचानक दिवसा ट्रकला बंद होतो, वीज रोज ठराविक वेळी जाते, एखाद्या परवान्याची साइट चालतच नाही आणि मुदत मात्र डोक्यावर. तुम्ही एकटे तक्रार केलीत तर ती तुमची वैयक्तिक अडचण, चेंबरने केली तर ती त्या भागाची अडचण. पण इथे मला जरा कळकळीने सांगायचंय की निवेदन देणं आणि निवेदनाचा उपयोग होणं यात फार अंतर आहे. "व्यापारी वर्गात तीव्र नाराजी आहे, तरी सत्वर लक्ष घालावे" असल्या निवेदनाचं फाइलमध्ये लोणचं होतं. ज्या निवेदनात किती युनिट्सना फटका बसतोय, रोज किती तास, विजेच्या कुठल्या लाइनवर (फीडरवर), नियमातलं कुठलं कलम आड येतंय आणि त्याऐवजी नेमकं काय शब्द हवेत हे लिहिलेलं असतं, ते अधिकाऱ्यालाही हवंसं वाटतं, कारण त्याला वर पाठवायची टिप्पणी आयती मिळते. आणि ही माहिती येते कुठून? मेंबरांकडून. चेंबरचा ईमेल येतो, पाच मिनिटांचा फॉर्म असतो, आपण तो उघडतही नाही आणि मग म्हणतो चेंबर काही करत नाही. छोट्या युनिट्सनी ते फॉर्म भरले नाहीत तर निवेदनात फक्त मोठ्या कंपन्यांच्या अडचणी जातात, कारण त्यांच्याकडे असले फॉर्म भरायला पगारी माणूस असतो.

तुम्ही विचाराल की आमच्या धंद्याची असोसिएशन आहेच की, मग चेंबर कशाला. असोसिएशन एकाच लाइनच्या लोकांची असते, चेंबर एका भागातल्या सगळ्या लाइनच्या लोकांचं. तिथे माल बनवणारा, ट्रान्सपोर्टवाला, हॉटेलवाला, सीए, सॉफ्टवेअरवाला, बँकवाला सगळे एका टेबलावर. यात भांडणंही होतात, ट्रान्सपोर्टवाल्याला भाडं वाढवायचं असतं आणि कारखानदाराला नको असतं, त्यामुळे चेंबर फार टोकाची भूमिका घेऊ शकत नाही. काहींना हे मिळमिळीत वाटतं, मला वाटतं सरकार दरबारी त्याचं ऐकलं जातं ते त्यामुळेच. तुमच्या लाइनचा खास प्रश्न असेल तर असोसिएशनकडे जा, रस्ता-पाणी-वीज-परवाने-कामगार असला सगळ्यांचा प्रश्न असेल तर चेंबरकडे.

ट्रेनिंगचं थोडक्यात सांगते कारण ते ठिकाणागणिक फार बदलतं. जर्मनीत चेंबरची मेंबरशिप कायद्याने सक्तीची आहे आणि कंपन्यांमध्ये काम करत शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षा तिथली चेंबर्सच घेतात, पॅरिसच्या चेंबरने तर १८८१ मध्ये एचईसी हे बिझनेस स्कूल काढलं जे आज नावाजलेलं आहे, नेदरलँड्समध्ये कंपन्यांची अधिकृत नोंदणीच चेंबरकडे होते. ब्रिटन-अमेरिकेत मेंबरशिप ऐच्छिक, त्यामुळे वर्गणी आणि कार्यक्रमांवर संस्था चालते. तुमच्याकडे फॉर्म देऊन गेलेत म्हणजे तुमचंही ऐच्छिक प्रकारातलं, आणि अशा ठिकाणी चांगलं-वाईट हे पूर्णपणे चालवणाऱ्या माणसांवर असतं.

वादाचा मुद्दा मात्र सोडू नका. उधारी अडकली, मालाच्या क्वालिटीवरून वाजलं, तर कोर्टात वर्षं जातात. बऱ्याच चेंबर्सकडे मध्यस्थी किंवा लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचांकडून निवाडा घ्यायची सोय असते, स्टॉकहोमच्या चेंबरचा लवाद १९१७ पासून आहे, आयसीसीचा १९२३ पासून. परदेशी पार्टीशी व्यवहार असेल तर लवादाचा निवाडा कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त कामाला येतो, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तो १७० हून जास्त देशांत अंमलात आणता येतो. फक्त वाद कुणाच्या लवादापुढे आणि कुठल्या शहरात चालणार हे करारात आधीच लिहिलेलं पाहिजे. भांडण झाल्यावर समोरचा कशाला तयार होईल? तेव्हा तुमच्या चेंबरकडे असं कलम तयार मिळतं का ते विचारा, मिळत असेल तर ते एक पान वर्षभराची वर्गणी वसूल करेल.

आता वाईट बाजू, कारण ती आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. काही चेंबर्समध्ये वर्षानुवर्षं तीच माणसं पदावर असतात, मोठे मेंबर सांगतील ती दिशा, सेमिनार म्हणजे कुणाच्या तरी प्रॉडक्टची जाहिरात, आणि छोट्या माणसाचा फोन उचलायला कुणी नाही. मला याचा मनापासून राग येतो कारण नुकसान त्या एका संस्थेपुरतं राहत नाही, धंदेवाल्यांचा एकत्र येण्यावरचा विश्वासच उडतो. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या ऑफिसात एकदा कामाच्या दिवशी जाऊन या, कार्यक्रमाला नको, कार्यक्रमात सगळंच छान दिसतं. पगारी सचिव आणि स्टाफ आहे का बघा, कारण पदाधिकारी आपापला धंदा सांभाळून येतात, रोजचं काम स्टाफच करतो. मागच्या वर्षीचा अहवाल मागा आणि त्यात फोटो सोडून दिलेली निवेदनं शोधा, कशावर दिली आणि पुढे काय झालं. कमिट्यांवर तुमच्या साइजचे किती लोक आहेत ते विचारा. वर्गणी उलाढालीनुसार असते की सगळ्यांना एकच, आणि कमी वर्गणीवाल्याला मत देता येतं का, हेही. ही उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ नाही म्हणा.

आणि अजून एक, निर्यातीचे दाखले बऱ्याच ठिकाणी मेंबर नसलेल्यांनाही मिळतात, फी थोडी जास्त पडते एवढंच. वर्षातून एखादंच शिपमेंट असेल तर फक्त त्यासाठी मेंबर व्हायची गरज नाही, हिशोब करून बघा.

तुमच्या जागी मी असते तर ऑफिस ठीक वाटल्यावर एका वर्षासाठी मेंबरशिप घेतली असती आणि पहिल्याच महिन्यात एखाद्या कमिटीत नाव दिलं असतं, शक्यतो वीज-रस्ते किंवा टॅक्सवाली, कारण तिथे खरं काम निघतं आणि माणसं कमी पडतात म्हणून नव्या माणसालाही लगेच घेतात. मीटिंगला जाताना तुमच्या युनिटची एकच अडचण घेऊन जा, पण तारखा आणि आकड्यांसकट लिहून. तुमची अडचण नेमकी कुठली आहे ते कमेंटमध्ये टाकलंत तर ती कुठल्या कमिटीकडे न्यायची आणि सोबत कुठले कागद जोडायचे ते सांगते.