पाकिटाच्या आधी पत्रिका वाच

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिल्ह्यात एका ज्येष्ठ पत्रकाराच्या व्याख्यानावरून आणि मानधनावरून जो गदारोळ चालू आहे, त्याच आठवड्यात तुलाही एका शिक्षणसंस्थेचं निमंत्रण यावं आणि पंचवीस हजारांचा आकडा कानावर पडावा, यानं तू गोंधळून जाणं साहजिक आहे. बातम्या लिहिणाऱ्यानं भाषणाचे पैसे घ्यावेत का, एवढंच तू विचारलंस. पण खरा प्रश्न त्याच्या थोडा पुढे आहे.

पैसे घेण्यात पाप नाही. आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला पगार नावापुरता असतो, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. चार तास प्रवास करून, आठवडाभर तयारी करून दीड तास बोललेल्या माणसानं मानधन घेतलं तर कुणी नाक मुरडायचं कारण नाही. वांधा दुसरीकडे होतो. ज्याच्यावर उद्या लिहायचं आहे त्याच्याच घरून पैसे आले आणि वाचकाला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं, की संपलं. त्या पत्रकाराच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आहे. रक्कम निम्मी असती तरी घडलंच असतं.

निष्ठेचंही असंच आहे. आपली पत्रकारिता चळवळीच्या पोटी जन्मली. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३७ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते निजामी राजवटीविरुद्ध, आणि त्यावर बंदीही आली. त्याचे पुढचे संपादक अनंत भालेराव मुक्तिलढ्यातले, पुढे आणीबाणीत तुरुंगात गेले. त्यांची बाजू कोणती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून अग्रलेखातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं हे वाचक स्वतः ठरवू शकत होता. बाजू असण्यानं वाचक फसत नाही, ती झाकण्यानं फसतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचं गुणगान करणारा एकच मजकूर स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि चव्हाणांचा मतदारसंघ, नांदेडचं भोकर, देशभर गाजलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला, तो आदेश त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केला. नेत्यापुरतं प्रकरण मिटलं. पण ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द तेव्हापासून आपल्या वाचकाच्या तोंडी बसला आहे, आणि तू बातमी दिलीस की तो मनात येतोच.

म्हणून हो म्हणायच्या आधी बोलावणारा कोण ते शोध. ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ हे झालं नाव, त्याच्यामागचा माणूस पाहायचा. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तुझ्या जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट एकच्या, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीच्या, उताऱ्याची नक्कल माग. त्यात विश्वस्तांची नावं असतात. मात्र विश्वस्त बदलल्याची नोंद मागणारे बदल अर्ज प्रलंबित असले तर जुनीच नावं दिसतात, तेव्हा अलीकडचे बदल अर्जही विचार. आडनावं जुळवून थांबू नकोस. आपल्याकडे आमदाराच्या संस्थेत त्याची मेहुणी सचिव असते आणि कारखान्याचा माजी संचालक अध्यक्ष. पतसंस्था किंवा बाजार समिती असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे जा. थोडे पैसे आणि दोन-चार चकरा, याला फार खर्च येत नाही. आणि पैसे कुणाच्या खात्यातून येणार हे आयोजकाला स्पष्ट विचार. निमंत्रण संस्थेचं आणि मानधन ‘दादांच्या मित्रमंडळा’कडून असेल, तर बोलावणारे दादा आहेत, संस्था नाही.

मग पत्रिकेचा कच्चा मसुदा मागवून घे. वरची संतांची ओवी, व्याख्यात्याचं नाव, हे सोडून दे. खाली बारीक अक्षरात ‘सौजन्य’, ‘स्वागतोत्सुक’, ‘प्रमुख उपस्थिती’ असतं, ते वाच. व्याख्यानमालेची तारीख नेत्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात येते का, तेही बघ. मंचामागच्या फ्लेक्सचं डिझाइनही आधीच पाहून घे. त्यावर पक्षाचं चिन्ह आणि नेत्यांच्या फोटोंची रांग असली, तर तू सिंचनावर बोल नाहीतर ज्ञानेश्वरीवर, फोटो त्या रांगेतलाच निघणार. भाषणातले तीस सेकंद कापून, खाली पक्षाचं गाणं लावून गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरवायला कार्यकर्त्याला दहा मिनिटं पुरतात. पूर्ण भाषण स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, वाद झाला तर तेवढाच पुरावा हाती असतो.

आता पाकीट. आपल्याकडे ते शाल-श्रीफळाच्या खाली सरकवलं जातं आणि तू ते घरी जाऊन उघडतेस की नाही, यात कुणाला रस नसतो. रस असतो तो व्हाउचरमध्ये. कार्यक्रम संपल्यावर, लोक जेवायला निघालेले, एक कारकून येतो आणि छापील व्हाउचर पुढे करतो: “मॅडम, इथं सही.” रकमेचा रकाना कोरा. तिथं सही केलीस की पाकिटात दहा हजार असले तरी हिशेबात पंचवीस लिहिता येतात, आणि उद्या माहिती बाहेर आली की तू पंचवीस घेतलेस हे तुझ्या सहीनिशी सिद्ध. रक्कम आकड्यात आणि अक्षरात स्वतःच्या हातानं लिहायची, तारीख टाकायची, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून सही करायची, आणि व्हाउचरचा फोटो तिथंच काढायचा. त्याहून बरं म्हणजे रोख घ्यायचंच नाही, खात्यात मागायचं. टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला प्राप्तिकर, कापला असेल तर तो प्राप्तिकर खात्याच्या तुझ्या नावच्या नोंदीत दिसतो का ते बघ, आणि कापला नसला तरी उत्पन्न विवरणपत्रात दाखव.

गाडी आणि मुक्कामाचंही लिहून ठेव. नेत्याच्या गाडीत बसू नकोस, एसटीनं जा आणि तिकीट जोडून प्रवासखर्च माग. हे क्षुल्लक वाटेल. पण बसस्थानकावर उतरलेला वक्ता आणि पांढऱ्या स्कॉर्पिओतून उतरलेला वक्ता, यांतला फरक गावाला चांगला कळतो.

जायच्या आधी संपादकांना दोन ओळींचं ईमेल कर: कुणाकडे, कधी, किती, विषय काय. तोंडी सांगितलेलं वादाच्या दिवशी कुणाला आठवत नाही. त्याच ईमेलमध्ये घरचंही लिही. मामा पंचायत समितीला उभे होते, भाऊ संस्थेत शिपाई आहे, जे असेल ते. जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हापासून आपल्या भागात बातमीच्या आधी आडनाव विचारलं जातं. त्याला उपाय एकच, तुझं आधीच सांगितलेलं असणं. पुढे त्या संस्थेवर किंवा तिच्या नेत्यावर लिहायची वेळ आली तर बातमी सहकाऱ्याकडे दे. तूच लिहिणं भाग असेल तर खाली ओळ टाक: ‘या संस्थेच्या व्याख्यानमालेसाठी प्रस्तुत वार्ताहराला अमुक रुपये मानधन मिळाले होते.’ निवडणूक जाहीर झाली असेल तर ओळ पुरणार नाही, बातमीच सोड. त्या काळात जिल्ह्याची माध्यम प्रमाणन समिती संशयित पेड न्यूज तपासत असते.

एवढं करूनही आरोप झाला, तर पहिल्याच दिवशी रक्कम, तारीख, देणाऱ्याचं नाव आणि त्या संस्थेवर गेल्या दोन वर्षांत तू लिहिलेल्या बातम्यांची यादी संपादकांमार्फत छापून मोकळं हो. जुन्या पोस्ट पुसू नकोस, स्क्रीनशॉट कुणीतरी आधीच काढलेले असतात. ‘वैयक्तिक नात्यानं गेले होते’ हे वाक्य वापरू नकोस, बोलावणं तुझ्या वृत्तपत्रातल्या नावाला आलं होतं. अब्रुनुकसानीची नोटीस धाडायची घाई नको. आरोप छापणाऱ्या दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते आणि कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते, एवढं लक्षात ठेव. पैसे परत करायचे ठरवलंस तर खात्यातूनच कर, सोबत पत्र दे. पण परत केल्यानं घेतल्याची नोंद पुसत नाही, म्हणून ते वाचकाला सांगितल्यावरच.

राहिला तुझा प्रश्न. तू जिल्हा परिषद आणि शिक्षण दोन्ही पाहणारं माणूस, आणि तू म्हणतेस त्याप्रमाणे संस्थेचे सचिव आमदारांचे सख्खे भाऊ. याला माझ्या मते नाहीच म्हण, मानधन न घेता जाणंही नको, फ्लेक्स फुकट व्याख्यात्यालाही तसाच लागतो. नकार फोनवर देऊ नकोस, लेखी दे आणि कारण खरं दे: ‘आपल्या संस्थेशी संबंधित विषय माझ्याकडे वार्तांकनाला असल्यामुळे येता येणार नाही.’ व्याख्यानमाला पुढच्या महिन्यात आहे म्हणजे पत्रिका आठ-दहा दिवसांत छपाईला जाईल. त्याआधी तुझं पत्र पोचलं पाहिजे, नाहीतर तू गेलीच नाहीस तरी पत्रिकेतलं नाव गावभर वाटलं जाईल.